मार्टिन बूबर यांच्या ‘तू’विषयी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नात्यांमधील संवादावर जो लेख आला, त्यात मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाची ओळख करून दिली होती. मराठी वृत्तपत्रात बूबर यांचे नाव क्वचितच दिसते, म्हणून लेख उघडताना आनंद झाला. वाचून होईपर्यंत मात्र मन खट्टू झाले. लेखासोबतच्या चौकटीत ‘कोणतेही नाते मी-तू करण्याच्या पाच पायऱ्या’ दिल्या होत्या: मोबाइल बाजूला ठेवा, डोळ्यांत पाहा, समोरच्याचे वाक्य त्यालाच परत म्हणून दाखवा, मध्ये बोलू नका, शेवटी आभार माना. सवयी चांगल्याच आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण समोरच्या माणसावर काहीतरी ‘करून’ त्याच्याशी नाते घडवता येते, या समजुतीवरच बूबर यांचा आक्षेप होता. त्यांच्याच नावाखाली ती समजूत वाचकांपर्यंत गेली. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. जागा द्यावी ही विनंती.

आधी नावाचे. Buber हे आडनाव जर्मन आहे आणि त्याचा उच्चार ‘बूबर’ असा होतो. लेखातला ‘ब्यूबर’ इंग्रजीच्या वळणाने आला आहे. बूबर यांचा जन्म 1878 साली व्हिएन्नात झाला, मृत्यू 1965 साली जेरुसलेममध्ये. ‘इश उंट डू’, म्हणजे ‘मी आणि तू’, हे त्यांचे छोटे पुस्तक 1923 सालचे. समोरच्याशी सर्वस्वाने नात्यात उभे राहणे हे त्यातले ‘मी-तू’, आणि त्याच्याकडे जाणायची, मोजायची, वापरायची वस्तू म्हणून पाहणे हे ‘मी-ते’. त्याचा बराचसा मजकूर 1922 च्या आरंभी फ्रँकफर्टच्या ज्यू लोकशिक्षण संस्थेत दिलेल्या आठ व्याख्यानांतून आला.

पुस्तकाच्या नावातला ‘डू’ हा जर्मन शब्द घरातला आहे. आई, मित्र, लहान मूल, कुत्रा आणि देव या सगळ्यांना जर्मन माणूस ‘डू’ म्हणतो. 1937 च्या इंग्रजी भाषांतरात त्याचा ‘दाऊ’ झाला, आणि चर्चमधल्या प्रार्थनेशिवाय कुणाच्या तोंडी नसलेला शब्द पुस्तकाच्या माथ्यावर बसला. 1970 च्या दुसऱ्या भाषांतरात वॉल्टर कॉफमन यांनी आतल्या मजकुरात साधा ‘यू’ वापरला, शीर्षक मात्र रूढ झाले होते ते तसेच राहिले. आपल्याला ही अडचण नाही. मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो आणि पंढरपुरात विठोबालाही ‘तू’च म्हणतो. तेव्हा ‘मी-तू’ हे मराठी रूप इंग्रजीपेक्षा मुळाला जवळचे आहे.

पण मराठी ‘तू’ला दुसरी बाजूही आहे आणि लेखात तिचा उल्लेख नाही. भांडण ‘अरे-तुरे’वर येते ते याच शब्दाने. घरकामाच्या बाईला, हमालाला, वयाने मोठ्या पण जातीने किंवा पैशाने खालच्या समजल्या गेलेल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या जो ‘तू’ ऐकवला गेला, त्यात बूबर यांचा ‘तू’ औषधालाही नाही. उलट सून सासूला ‘अहो आई’ म्हणते, तेवढ्याने तिथे परकेपणा आलाच असेही नाही. बूबर यांचे म्हणणे असे की ‘मी-तू’ आणि ‘मी-ते’ हे एकेक शब्द नव्हेत, त्या शब्दांच्या जोड्या आहेत, आणि जोडी बदलली की त्यातला ‘मी’सुद्धा बदलतो. तोंडी कोणते सर्वनाम आहे यावर काही ठरत नाही. ‘ते’ हा नपुंसकलिंगी शब्दही मराठीत जर्मनसारखाच जिवंत आहे, आणि आपण ‘ते बाळ’ म्हणतो तेव्हा बाळाला वस्तू समजत नसतो.

‘ते’बद्दल आणखी एक. लेखाने ‘मी-ते’ला जवळजवळ पाप ठरवले आहे. डॉक्टर क्ष-किरण चित्र पाहतात, बँकेतला कर्मचारी खात्यावरची शिल्लक तपासतो, शिक्षक पटावरची हजेरी मोजतो, आणि हे सगळे ‘मी-ते’ आहे. त्याच्याशिवाय एक दिवस निघणार नाही. बूबर यांनी पुस्तकाच्या पहिल्या भागाचा शेवटच यावर केला आहे: ‘ते’शिवाय माणूस जगू शकत नाही, पण जो केवळ ‘ते’सोबत जगतो तो माणूस नव्हे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग सहसा गाळला जातो. त्यांचे मित्र फ्रान्ट्स रोझेनत्स्वाइग यांनी तर छापण्यापूर्वीच मजकूर वाचून तक्रार केली होती की तुम्ही ‘मी-तू’समोर ‘मी-ते’ हा पांगळा प्रतिस्पर्धी उभा केला आहे. तक्रार रास्त होती. ‘तू’ झालेले प्रत्येक माणूस पुन्हा ‘ते’ होणारच, असे बूबर स्वतः लिहितात. जिवलग मित्राची उंची, पगार, स्वभावातले दोष आपल्याला ठाऊक असतात; त्याच्यासमोर बसल्यावर एखाद्या क्षणी ती माहिती मागे सरते, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुढे येते. यात कुणाचा दोष नाही.

झाडाचे उदाहरण लेखात होते, पण अर्धेच. बूबर म्हणतात, झाडाकडे मी चित्र म्हणून पाहू शकतो, त्यातल्या रसाची हालचाल म्हणून पाहू शकतो, एक जात म्हणून त्याची नोंद करू शकतो, नियम किंवा संख्या म्हणूनही. आणि असेही होऊ शकते की मी त्या झाडाशी नात्यात येतो. तसे झाल्यावर आधीचे काहीच टाकून द्यावे लागत नाही. चित्र, हालचाल, जात, संख्या सगळे तिथेच असते, पण एकवटलेले. म्हणजे वनस्पतिशास्त्र विसरून झाडाला मिठी मारा, असा हा सल्ला नाही.

लेखातल्या ‘मी-तू अनुभव’ या शब्दप्रयोगालाही माझी हरकत आहे. मराठीत ‘अनुभव’ हा मोठा शब्द. परमार्थात तर तो सर्वांत वरचा. बूबर यांच्या जर्मनमध्ये मात्र ‘अनुभव’ हा ‘मी-ते’च्या घरचा शब्द आहे. ‘एरफारुंग’ या जर्मन शब्दात ‘प्रवास करणे’ हे क्रियापद दडलेले आहे, आणि बूबर त्यावरच बोट ठेवतात: माणूस वस्तूंच्या पृष्ठभागावरून फिरतो आणि त्यांची माहिती घेऊन येतो, तो अनुभव. तो घेणाऱ्याच्या आत राहतो. नाते आत राहत नाही, ते दोघांच्या ‘मध्ये’ असते. हा ‘मध्ये’ त्यांच्या विचाराचा कणा आहे. प्रेम माणसाच्या मनात नसते, ते ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या मध्ये असते. भावना मनात असतात, पण प्रेमात माणूस राहतो, असे ते लिहितात.

आता ‘संवाद’ या शब्दाबद्दल. हल्ली संवादकौशल्याचे वर्ग निघतात, सिनेमाचे ‘संवाद’ लिहिले जातात, आणि शब्द झिजून गुळगुळीत झाला आहे. मला ‘भेट’ हा शब्द जवळचा वाटतो. ‘खरे जगणे सारे भेट आहे’ हे बूबर यांचे वाक्य जर्मनमध्येही भेटीचेच आहे. शिवाय मराठीत ‘भेट’ म्हणजे गाठ पडणे आणि ‘भेट’ म्हणजे कुणी दिलेली वस्तूही. ‘तू’ शोधून सापडत नाही, तो कृपेने भेटतो, असे बूबर म्हणतात तेव्हा त्यांना हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात हवे असणार. मराठीत ते आयते आहेत.

भेटीच्या उलट्यालाही मराठीत नेमका शब्द आहे. बूबर यांचे आईवडील ते लहान असतानाच विभक्त झाले आणि मुलाला लेंबर्गला, आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह शहरात, आजी-आजोबांकडे पाठवले गेले. आजोबा सालोमन बूबर हे जुन्या हिब्रू ग्रंथांचे नामांकित संपादक. आई कुठे गेली यावर घरात कुणी बोलत नसे. मुलगा चार वर्षांचा असताना, वाड्याच्या चौकाभोवतीच्या सज्जात कठड्याला टेकून उभा होता. शेजारची वयाने मोठी मुलगी त्याला म्हणाली, नाही, ती कधीच परत येणार नाही. पुढे बूबर यांनी ‘भेट’ या जर्मन शब्दाला नकाराचा उपसर्ग लावून त्या प्रसंगासाठी एक शब्द घडवला. आपण त्याला ‘चुकामूक’ म्हणू शकतो. वीसहून अधिक वर्षांनी आई नातवंडांना पाहायला आली, तेव्हा तिच्या अजूनही सुंदर असलेल्या डोळ्यांकडे पाहताना त्यांना तोच शब्द ऐकू येत राहिला. खऱ्या भेटीबद्दल पुढे जे काही कळले त्याचे मूळ सज्जातल्या त्या क्षणात आहे, असे त्यांनी उतारवयात लिहिले.

घोड्याची हकिकत मात्र लेखात असायलाच हवी होती. पाच पायऱ्यांच्या चौकटीला तिच्याहून नेमके उत्तर नाही. अकरा वर्षांचे बूबर उन्हाळ्यात आजोबांच्या शेतावर असत आणि कुणाचे लक्ष नसताना तबेल्यात जाऊन एका ठिपकेदार करड्या घोड्याची मान थोपटत. हाताखाली आयाळ कधी चापूनचोपून विंचरलेली, कधी पिंजारलेली. आपल्याहून सर्वस्वी वेगळे, आपले नसलेले असे काहीतरी आपल्याला जवळ येऊ देते आहे, हे त्या मुलाला हाताला कळे. गव्हाणीत ओट टाकण्याच्याही आधी घोडा डोके उचली, कान हलवी आणि हलकेच फुरफुरे, जणू दोघांतली खूण. एके दिवशी थोपटता थोपटता मुलाला वाटले, किती मजा येते आहे! आणि त्याला स्वतःच्या हाताची जाणीव झाली. खेळ तोच चालू राहिला, पण काहीतरी बदलले होते. दुसऱ्या दिवशी ओट टाकून त्याने मान थोपटली, तेव्हा घोड्याने डोके उचलले नाही. घोड्याला खरोखर काही कळले असेल, असा दावा बूबर करत नाहीत. आपला न्याय झाला, असे मात्र त्या मुलाला तेव्हा वाटले. हात तोच, थोपटणे तेच, फरक पडला तो लक्ष वळल्याने. समोरच्याचे वाक्य परत म्हणून दाखवताना ‘मी किती छान ऐकतो आहे’ इकडे लक्ष गेले, की तिथेही हेच होते.

1914 च्या प्रसंगाबाबत लेखात चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी. त्या वर्षी जुलैमध्ये एक तरुण बूबर यांच्याकडे आला होता. सकाळ गूढ धार्मिक तंद्रीत गेलेली. बूबर त्याच्याशी आपुलकीने, नेहमीप्रमाणे मोकळेपणाने बोलले, पण मनाने तिथे नव्हते. त्याने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे दिली. जे विचारले नाहीत ते ओळखायचे राहून गेले. पुढे त्या तरुणाच्या मित्राकडून कळले की तो आता हयात नाही, आणि तो गप्पा मारायला नव्हे, निर्णयासाठी आला होता. लेखात म्हटल्याप्रमाणे त्याने आत्महत्या केली नव्हती. तो पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारला गेला. आत्महत्येची ही कथा अनेक पुस्तकांतून फिरते, तिने प्रसंग अधिक नाट्यमय होतो आणि बूबर यांचा मुद्दा हरवतो. निराश माणूस दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्याला काय हवे असते? कुणाचे तरी तिथे असणे, ज्यातून कळावे की अजूनही अर्थ आहे. त्या दिवसानंतर, रोजच्या जगण्यापासून वेगळी काढलेली धार्मिकता आपण सोडून दिली, असे बूबर सांगतात.

म्हणूनच ‘बूबर म्हणजे आपलेच अद्वैत’ हे लेखातले विधान टिकत नाही. 1909 साली त्यांनी जगभरच्या गूढवाद्यांच्या वचनांचे संकलन काढले होते, तेव्हाच्या बूबर यांच्याबद्दल तसे काही म्हणता आले असते. 1923 चे बूबर त्याच्या विरोधात उभे आहेत. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात ते थेट उपनिषदांशी वाद घालतात. छांदोग्य उपनिषदातली इंद्र आणि प्रजापतीची कथा घेतात: स्वप्नहीन गाढ झोपेतला आत्मा हाच खरा, हे ऐकून इंद्र परततो आणि वाटेतच त्याला शंका येते की त्या अवस्थेत तर ‘हा मी’ असेही कळत नाही, सारे नाहीसेच होते. बूबर इंद्राच्या शंकेच्या बाजूने आहेत. दोघे एक झाले तर मध्ये काही उरतच नाही. भेटीला दोघे लागतात आणि त्यांच्यातले अंतरही लागते. वाद कुणाला पटो न पटो, तो वाद आहे हे वाचकाला सांगायला हवे. वारीत वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणून परस्परांच्या पाया पडतात, त्यात वाकणारे दोघेही शाबूत असतात. बूबर यांच्याशी आपले नाते जोडायचेच असेल, तर मला ते तिथे अधिक दिसते.

मग प्रत्यक्षात करायचे काय, असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो योग्य आहे. भेट घडवून आणता येत नाही, पण ती कशाने अडते हे बूबर यांनी फार बारकाईने सांगितले आहे. 1929 च्या संवादावरील निबंधात ते बोलण्याचे तीन प्रकार करतात. एक खरा संवाद. तो बोलून होतो, न बोलताही होतो. दुसरा कामापुरता, माहिती नीट पोचावी एवढ्यासाठी. तिसरा म्हणजे संवादाचे कपडे घातलेले स्वगत. यातली त्यांची उदाहरणे रोजची आहेत: ज्यात विचारांना टोक काढून ते लागावेत म्हणून फेकले जातात आणि समोर माणूस आहे याचे भान नसते असा वादविवाद, केवळ आपली छाप पडली का हे पाहण्यासाठी केलेले संभाषण, ज्यात प्रत्येक जण स्वतःला पक्का आणि दुसऱ्याला कच्चा धरतो अशी मित्रांची गप्पा, आणि ज्यात दोघेही आपापल्याच भारलेल्या मनाचा आस्वाद घेत असतात असे प्रेमिकांचे कूजन. चौथे उदाहरण वाचून तरुण वाचक थबकतात, आणि थबकावेच. दुसऱ्या, कामापुरत्या प्रकाराला बूबर तुच्छ लेखत नाहीत. बसचे तिकीट काढताना कंडक्टरशी गहन नाते जोडायला जाणे हाही एक दिखावाच होईल.

1954 च्या एका निबंधात त्यांनी ‘असणे’ आणि ‘दिसणे’ यांचा हिशेब मांडला आहे. पीटर आणि पॉल दोघे समोरासमोर बसले आहेत, आणि दोघांनाही आपण कसे दिसतो याची चिंता आहे. मोजा. पीटरला पॉलच्या नजरेत जसे दिसायचे आहे तो पीटर. पॉलला प्रत्यक्षात जसा दिसतो तो पीटर. हा बहुधा पहिल्याशी जुळत नाही. पीटर स्वतःला जसा वाटतो तो पीटर. असेच तीन पॉल. झाल्या सहा छाया. आणि हाडामांसाचे दोघे. आठ जणांच्या या गर्दीत ‘मध्ये’ला जागा कुठून मिळणार? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात किंवा नोकरीच्या मुलाखतीत बसलेल्या कुणालाही हा हिशेब लगेच कळेल. बूबर पुढे सांगतात की ‘दिसण्या’ची ओढ भित्रेपणातून येते आणि भित्रेपणा हा स्वभाव नव्हे, दुसऱ्याने आपल्याला ‘होय, तू आहेस’ म्हणावे ही माणसाची भूक खरी आहे, दिखावा हा ती भागवण्याचा चोरटा रस्ता. त्याच निबंधात खऱ्या संवादाच्या अटी येतात: समोरच्याकडे सर्वस्वाने वळणे, त्या क्षणी जे सांगायला हवे ते राखून न ठेवणे, दिखावा सोडणे. राखून न ठेवणे म्हणजे मनातले सगळे ओकणे नव्हे. आणि गप्प राहणारा माणूसही संवादात पूर्ण सामील असू शकतो. काय बोलायचे ते आधी ठरवून येता येत नाही. लेखातली ‘शेवटी आभार माना’ ही पायरी मला म्हणूनच खटकली. शेवट कसा होणार हे आधी ठाऊक असेल तर समोरच्याला बोलायला उरलेच काय?

शिक्षक आणि समुपदेशक यांना उद्देशून लेखात ‘बरोबरीचे नाते ठेवा’ असे आहे. बूबर नेमके याच्या उलट म्हणतात. 1925 साली हायडेलबर्गच्या शिक्षण परिषदेत त्यांनी सांगितले की शिक्षकाने विद्यार्थ्याच्या बाजूने प्रसंग अनुभवायचा, पण स्वतःचे पाऊल न हलवता. दुसऱ्याला फटका मारणाऱ्याला एका क्षणी तो फटका आपल्याच अंगावर बसल्यासारखा कळावा, तसे. याला समानुभूती (एम्पथी) म्हणून चालणार नाही, कारण समानुभूतीत माणूस स्वतःची जागा सोडून दुसऱ्यात शिरतो; इथे दोन्ही टोके एकाच वेळी धरायची असतात. मित्र आपण निवडतो, शिक्षक वर्ग निवडत नाही. तो पहिल्यांदा वर्गात शिरतो तेव्हा बाकांवर नशिबाने एकत्र आलेली सगळ्या तऱ्हेची मुले असतात, काही चेहरे कोरे, काही उमदे, आणि त्याची नजर सगळ्यांना स्वीकारते. विद्यार्थी मात्र शिक्षकाच्या बाजूने तसे पाहू शकत नाही. ज्या दिवशी तो पाहू लागेल, त्या दिवशी एक तर शिकवणे संपेल किंवा मैत्री सुरू होईल.

हाच वाद 18 एप्रिल 1957 रोजी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाशी झाला. आजच्या समुपदेशनावर ज्यांची सर्वांत मोठी छाप आहे ते हे रॉजर्स. त्यांचे म्हणणे, उपचारातल्या उत्कट क्षणी मी आणि माझ्याकडे आलेला माणूस बरोबरीचे असतो. बूबर ऐकेनात. तो मदतीसाठी तुमच्याकडे आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाहीत. ही परिस्थितीच तुमच्या दोघांच्या मध्ये आहे आणि सदिच्छेने ती पुसली जात नाही. आणखी एक फरक तिथे निघाला. रॉजर्स स्वीकारावर थांबत होते. बूबर म्हणाले, माणूस आज आहे तसा स्वीकारणे ही सुरुवात. त्याला दुजोरा द्यायचा म्हणजे तो जे होऊ शकतो त्यालाही द्यायचा, आणि त्यासाठी कधी त्याच्या बाजूने त्याच्याशीच झगडावे लागते. दोन भल्या माणसांनी एकमेकांचा मान राखून, मुद्दा न सोडता घातलेला हा वाद आहे. ‘संवाद म्हणजे वाद टाळणे’ या लेखातल्या वाक्यावर माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

पण सगळ्यांत मोठे उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही.

9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. बूबर त्याच वर्षी मार्चमध्ये जेरुसलेमला पोचले होते. मागे राहिलेल्या हेपेनहाइमच्या त्यांच्या घराचीही नासधूस झाली. त्यानंतर सतरा दिवसांनी, 26 नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींचा ज्यूंवरचा लेख आला. गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळ सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहत होते. त्यांनी ज्यूंबद्दल सहानुभूती व्यक्त केली, जर्मनीतल्या ज्यूंनी तिथेच राहून सत्याग्रह करावा असे सुचवले, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा दाखला दिला, आणि पॅलेस्टाइन अरबांचे आहे असे म्हटले.

बूबर यांनी 24 फेब्रुवारी 1939 ही तारीख घालून उत्तर लिहिले. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती आणि म्हणूनच ते उत्तर लिहिणे कठीण गेले. पत्रातच ते सांगतात की आपण फार सावकाश लिहिले, मध्ये मध्ये थांबलो, कधी दोन छोट्या परिच्छेदांत काही दिवस गेले. त्या काळात आपले म्हणणे जीव वाचवण्याच्या मोहातून तर येत नाही ना, हे रात्रंदिवस स्वतःला विचारत राहिलो. दुसऱ्याला खोडून काढण्याआधी स्वतःची झडती घेणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

आणि मग ते काहीही राखून ठेवत नाहीत. छळछावणी म्हणजे काय, तिथे काय चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे का, असे ते महात्म्याला विचारतात. ज्याला कुणी साक्षीदारच नाही, जे हौतात्म्य वाऱ्यावर उधळून जाते, त्याचा सत्याग्रह कसा होणार? दक्षिण आफ्रिकेत दीड लाख हिंदी लोक होते, पण त्यांच्यामागे कोट्यवधींचा मायदेश उभा होता. आमच्यामागे काय आहे? प्रत्येक प्रश्न गांधीजींच्याच दाखल्यातून उचललेला आहे. आपण अरबांशी समेटासाठी झटणाऱ्या गटातले आहोत आणि एकाच भूमीवरचे दोन हक्क खरे मानतो, हेही ते सांगतात. हे बोलणे कोरडे नव्हते: 1925 च्या ‘ब्रित शालोम’ या गटापासून 1942 च्या ‘इहूद’ या गटापर्यंत दोन्ही समाजांच्या समान हक्कांच्या राज्यासाठी ते स्वकीयांचा रोष पत्करून उभे राहिले.

त्याच पत्रात एक जागा आहे जिथे बूबर स्वतःच घसरतात, असे माझे मत आहे. अरबांनी तेराशे वर्षांत या मातीसाठी काय केले आणि आम्ही पन्नास वर्षांत काय केले, ते मातीलाच विचारा, असे ते लिहितात. इथे फेलाह, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारा अरब शेतकरी, उत्पन्नाच्या मापाने मोजला गेला. तो ‘ते’ झाला. ‘मी-तू’ लिहिणाऱ्याकडूनही, अगदी सर्वांत जपून लिहिलेल्या पत्रातही हे होऊ शकते. बूबर यांचे मोठेपण सांगताना ही ओळ झाकू नये; त्यांच्याच कसोटीवर ती वाचावी.

गांधीजींचे उत्तर आले नाही. बूबर यांचे पत्र आणि त्यांचे सहकारी यूदा माग्नेस यांचे 26 फेब्रुवारीचे पत्र अशी दोन्ही मिळून त्याच वर्षी जेरुसलेममध्ये पुस्तिका निघाली. या पत्राचीही एका अर्थी चुकामूकच झाली.

राहता राहिली बायबलच्या भाषांतराची गोष्ट. तीही थोडक्यात सांगतो, कारण संवादाचे इतके प्रत्यक्ष काम दुसरीकडे पाहायला मिळत नाही. 1925 साली बूबर आणि रोझेनत्स्वाइग यांनी हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणायला घेतले. रोझेनत्स्वाइग तेव्हा पूर्ण लुळे पडले होते, वाचा गेली होती. पत्नी अक्षरे म्हणत जाई आणि हव्या त्या अक्षराला ते खूण करत. बूबर मसुदा पाठवत, ते आक्षेप कळवत, एकेका शब्दावर पत्रे जात-येत. मजकूर मोठ्याने वाचायचा म्हणून ओळी श्वासाच्या मापाने तोडल्या. ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर आपण ‘बलिदान’ असे वाचतो, त्याच्या धातूत ‘जवळ येणे’ आहे म्हणून त्यांनी तिथे ‘जवळ आणलेले’ असा शब्द घडवला. आणि उच्चारायचे नसते त्या देवाच्या नावाच्या जागी त्यांनी सर्वनामे घातली: ‘मी’, ‘तू’, ‘तो’. रोझेनत्स्वाइग 1929 साली वारले तेव्हा काम यशयाच्या ग्रंथापर्यंत आले होते. बूबर यांनी ते 1961 साली, एकट्याने, पुरे केले.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. 1914 च्या प्रसंगातली आत्महत्येची चूक पुढच्या अंकात दुरुस्त करावी. आणि बूबर यांचे गांधीजींना लिहिलेले पत्र पुरवणीत मराठीत संपूर्ण छापावे, मातीविषयीची ओळ न गाळता, शेजारी ‘हरिजन’मधला गांधीजींचा लेखही ठेवून. भाषांतरात ‘तू’ वापरायचे की ‘आपण’, यावर वाचकांची पत्रे नक्की येतील, तीही छापावीत.

आपला,
एक वाचक, सांगली